कुंपणावरचा मतदार

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत अखेरपर्यंत कोणाकडेच न झुकलेल्या, म्हणजे कुंपणावरच्या मतदाराचे वजन तो कोणत्या राज्यात राहतो यावर ठरते; कारण अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांनी नव्हे, तर राज्यवार वाटलेल्या 538 निर्वाचकांच्या, म्हणजे निवड करणाऱ्या प्रतिनिधींच्या मतांनी निवडला जातो आणि मेन व नेब्रास्का वगळता सर्वत्र आघाडीवरचा उमेदवार तेथील सारे निर्वाचक पटकावतो. त्यामुळे निकाल जवळपास ठरलेल्या कॅलिफोर्नियातल्या संभ्रमिताला फारसे कोणी विचारत नाही, चुरशीच्या पेनसिल्व्हेनियातल्याचे मात्र दार ठोठावले जाते. अशा मतदारांना बेफिकीर म्हणणे सोपे असले, तरी दोन्ही उमेदवारांवर नाराज असलेला जाणता माणूसही त्यांत असतोच. चुरशीच्या राज्यात मोजकी मतेही किती मोलाची ठरतात, याचे उदाहरण म्हणजे 2000 साली फ्लोरिडा, आणि पर्यायाने अध्यक्षपद, जॉर्ज बुश यांनी अवघ्या 537 मतांनी जिंकले.