खिडकीची कडी

वार्षिकासाठी लेख द्यायचा म्हणून विषय सांगायला मी मराठीच्या सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, खिडकीची कडी कशी बदलावी यावर लिहितो." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने किल्ल्यावर लिहावे, निदान वाड्यावर लिहावे. हा खिडकीवर, तीही प्लास्टिकच्या, लिहिणार! पण गेल्या पावसाळ्यात या लहानशा वस्तूने आमच्या घरातील चार मोठ्या माणसांची झोप पंधरा दिवस उडवली होती. जे मनापासून शिकलो, तेच लिहितो आहे.

आमचे घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे दोन पल्ले रुळांवर मागेपुढे सरकणाऱ्या. जून महिन्यात ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तिच्याबरोबर दोन वर्षांचा भाचा आला. खोली लहान, त्यामुळे ताईची कॉट खिडकीला लागून. बाहेरून लोखंडी जाळी बसवायला सोसायटीची मनाई. इमारतीचे रूप बिघडते म्हणे. आणि एका मुसळधार रात्री, पल्ला घट्ट लागेना म्हणून मी कडीवर तळहाताने जोर दिला. कट् असा आवाज झाला आणि कडी माझ्या हातात आली. कडी मीच मोडली, हे आधीच कबूल करून टाकतो.

पहिली गोष्ट, कॉट खिडकीपासून दूर नेली. खोलीचे दार त्यामुळे अर्धेच उघडायला लागले, पण ते चालण्यासारखे होते. दुसरी गोष्ट आजीने सुचवली. आजी कोकणातली. ती म्हणाली, "अरे, अडसर घाल की!" जुन्या घरात दाराच्या मागे भिंतीतील भोकातून आडवा ओंडका सरकवीत, तो अडसर. आईने मोडक्या झाडूचा दांडा कापून दिला. आतल्या पल्ल्याची कड आणि समोरची चौकट यांच्या मध्ये, रुळाच्या खाचेत तो आडवा बसवला. पल्ला जागचा हलेना. आजीचा विजय झाला, असे वाटून आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा कुठे दिसेना. पाहतो तर तो स्टूल ओढून खिडकीशी उभा, आणि दोन्ही तळवे काचेवर टेकून पल्ला ढकलतो आहे. आतला नव्हे, बाहेरचा! तो पल्ला चार बोटे सरकला होता. माझ्या पोटात गोळा आला. त्याला उचलून घेतले तेव्हा तो रडला नाही. मात्र ताई रडली.

मग मी खिडकीपुढे बसून नीट विचार केला. दोन पल्ले दोन वेगळ्या रुळांवर चालतात. खिडकी बंद असते तेव्हा एक पल्ला डावीकडे आणि दुसरा उजवीकडे असतो, आणि मध्यभागी त्यांच्या उभ्या कडा एकमेकींवर येतात. आतल्या रुळात दांडा घातला तर फक्त आतला पल्ला अडतो, बाहेरचा मोकळाच. बाहेरच्या रुळातही दांडा ठेवता आला असता, पण तो निसटून खाली रस्त्यावरच्या कोणाच्या डोक्यात पडायचा. कडीची हुशारी इथे आहे. ती पल्ल्याला चौकटीशी बांधीत नाही, पल्ल्याला पल्ल्याशी बांधते. एक डावीकडच्या चौकटीला टेकलेला, दुसरा उजवीकडच्या. दोघांना मध्ये एकत्र जखडले की कोणालाच कुठे जाता येत नाही. दोन अडसरांचे काम एक लहानसा तुकडा करतो. इतकी वर्षे मी ती रोज फिरवीत होतो, पण ती काय करते हे मला ठाऊक नव्हते!

हिला बाजारात क्रिसेंट लॉक म्हणतात, कारण तिची फिरणारी जीभ चंद्रकोरीसारखी असते. कोणी मून लॉकही म्हणतात. जीभ आतल्या पल्ल्यावर, आणि तिला अडकण्यासाठी बाहेरच्या पल्ल्याच्या कडेवर एक आकडा. दांडी अर्धे वर्तुळ फिरवली की कोर आकड्यामागे शिरते, आणि कोरीचा बाक चढता असल्यामुळे दोन्ही पल्ले एकमेकांकडे ओढले जातात. म्हणून नुसती चोरापासून नव्हे, पाण्यापासून आणि वाऱ्यापासूनही राखण होते. जुन्या लाकडी खिडकीची कडी-कोयंडा ही जोडी तशी सरळमार्गी. ती अडवते, ओढून धरीत नाही.

खिडकी बसवून देणाऱ्यांना फोन केला. माणूस आला, पाहिले, आणि म्हणाला, "हा माल आता येत नाही. पूर्ण पल्ला बदलावा लागेल, साडेपाच हजार." आई गप्प झाली. ताईच्या दवाखान्याचा खर्च समोर होता. मी म्हणालो, मी पाहतो.

तुटलेला भाग काढणे सोपे. दोन स्क्रू असतात, पण दोन्ही एकदम दिसत नाहीत. दांडी एका बाजूला फिरवली की वरचा दिसतो, दुसऱ्या बाजूला फिरवली की खालचा. आधी रुळावर एक जुना टॉवेल अंथरावा, नाहीतर सुटलेला स्क्रू हमखास बाहेर जातो. माझा पहिला गेला. हातात आलेली कडी पाहिली तर तुटलेल्या जागी धातू करडा आणि रवाळ. हे लोखंड नव्हे, जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून केलेला असतो. तो वाकत नाही, एकदम तुटतो. म्हणून अशी कडी अडली की जोर लावू नये. ती का अडते ते पाहावे.

ही गोष्ट मला दुकानदाराने शिकवली. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला हार्डवेअरची दुकाने आहेत. पहिल्या फेरीत मी नजरेनेच 'अशीच' म्हणून एक कडी आणली. घरी आल्यावर स्क्रूच्या भोकांमधले अंतर तीन मिलिमीटरने चुकले. दुसऱ्या फेरीत अंतर जुळले, पण ती डाव्या हाताची निघाली. होय, कडीलाही डावा-उजवा हात असतो, कोर कोणत्या बाजूला वळते त्यावरून. तिसऱ्या फेरीत मी तुटलेली कडी आणि आकडा, दोन्ही कागदात गुंडाळून घेऊन गेलो. दुकानदाराने तीन मापे घेतली. दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर, तळापासून कोरीची उंची, आणि कोरीचा हात. मग खोक्यातून बरोबर जोडी काढली. किंमत एकशे ऐंशी रुपये. पैसे घेताना तो म्हणाला, "दादा, हीपण मोडेल. आधी पल्ला का बसलाय ते बघा." बसलाय म्हणजे खाली आलाय.

तो खरे बोलत होता. पल्ला बंद करून त्याची उभी कड आणि चौकट यांच्यामधली फट पाहिली, तर वर ती बोटभर आणि खाली काहीच नाही. पल्ला एका बाजूने कलला होता, आणि कोर आकड्याच्या दोन-तीन मिलिमीटर खाली जाऊन आपटत होती. आम्ही सारे महिनोन्महिने जोर लावून ती आत घुसवत होतो. कारण खाली होते: रुळात केस, धूळ, मेलेले किडे, आणि त्यात रुतलेले चाक. जुना दातांचा ब्रश, ओला फडका आणि अर्धा तास. रुळाला तेल मात्र घालू नये. मी पूर्वी शिवणयंत्राचे तेल घातले होते, त्यालाच ही सारी धूळ चिकटली होती! घालायचेच तर सिलिकॉनचा फवारा. पेट्रोल किंवा थिनरने पुसणे तर वर्ज्य; त्याने या प्लास्टिकचा पृष्ठभाग बिघडतो. आणि चौकटीच्या तळाशी बाहेरच्या बाजूला जी लहान लांबट छिद्रे दिसतात ती दोष म्हणून बुजवू नयेत. पावसाचे पाणी तिथूनच बाहेर पडते.

पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात, बाजूच्या कडेवर एक भोक असते. आत चाकाची उंची कमीजास्त करण्याचा स्क्रू. आईने पल्ला किंचित उचलून धरला आणि मी तो थोडाथोडा फिरवला. फट वरखाली सारखी झाली तेव्हा थांबलो. हे काम एकट्याने करू नये, आणि तिसऱ्या मजल्यावर पल्ला रुळावरून काढण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये.

आता कडी बसवणे. इथे माझी सुतारकामाची ऐकीव विद्या फजीत पावली. जुने एक भोक सैल झाले होते. लाकडात अशा वेळी आगपेटीची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकतात. मी ठोकली, काडी आत पडली आणि खुळखुळ वाजू लागली. हा पल्ला आतून पोकळ आहे! प्लास्टिकची भिंत दोन-अडीच मिलिमीटरची, आणि तिच्या आत ताकदीसाठी जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी. स्क्रूने त्या पट्टीला धरले पाहिजे. त्याच लांबीचा पण एक नंबर जाड स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घेतला, तो बसला. दोन्ही स्क्रू आधी सैल लावले, कोर आकड्यात अलगद जाते हे पाहिले, मग आलटूनपालटून आवळले. आकड्याची भोके लांबट असतात, त्यामुळे तो वरखाली सरकवता येतो. विजेचे यंत्र वापरू नये. हाताच्या पेचकसाने पकड कळते.

एक मौज सांगतो. हे सारे मी रात्री केले आणि कडी लोण्यासारखी फिरली. पावसाने उघडीप दिली, कडक ऊन पडले, आणि भर दुपारी तीच कडी जड झाली. पीव्हीसी उष्णतेने बरेच प्रसरण पावते. मीटरभर लांबीत तीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर. आतल्या पट्टीने त्याला थोडा आवर बसतो, इतकेच. आजीच्या घरची सागवानी खिडकी पावसात फुगायची, आमची उन्हात फुगते. आकडा अर्धा मिलिमीटर सैल करून दोन्ही वेळांना जमेल असा बसवला.

हे पीव्हीसी म्हणजे तसे जुनेच. १८७२ साली बाऊमान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते बाटलीत पांढऱ्या घट्ट पदार्थाच्या रूपात दिसले. त्याचे काय करावे हे पुढे कितीतरी वर्षे कोणाला सुचले नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात मऊ करणारी द्रव्ये मिसळली. आपल्या रेनकोटाचे पीव्हीसी ते. खिडकीत मात्र ही द्रव्ये घालीत नाहीत, म्हणून ती टणक राहते; नावातला 'यू' त्याचाच. अमेरिकेत यालाच व्हिनाइल म्हणतात. तिकडच्या पुष्कळ खिडक्यांचे पल्ले वरखाली सरकतात, पण मधल्या आडव्या कडांवर हीच कोर आणि हाच आकडा.

भाच्याचा प्रश्न मात्र कडीने पुरता सुटला नव्हता. ती दोन वर्षांच्या मुलाच्या हातापासून दूर असली तरी स्टूल दूर नव्हते, आणि हवेसाठी खिडकी उघडावी तर लागणारच. म्हणून दोन्ही रुळांवर चिमटीसारखे आवळून बसणारे थांबे लावले. बाहेरचा पल्ला जागीच राहील असा एक, आणि आतला दहा सेंटिमीटरच्या आतच उघडेल असा दुसरा. तेवढ्या फटीतून मुलाचे अंग जात नाही. ते सोडवायला किल्ली लागते, आणि किल्ली आजीच्या कनवटीला आहे.

कॉट पुन्हा खिडकीशी गेली. श्रावणात ताईला मुलगी झाली. तिचा पाळणाही त्याच खोलीत टांगला होता.

आमच्या वसतिगृहाच्या नव्या इमारतीतही अशाच खिडक्या आहेत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन-तीन पल्ल्यांचा आपटण्याचा आवाज मला ओळखीचा वाटतो. मित्रांना पेचकस हवा असेल तर तो माझ्याकडे आहे. माप मात्र ज्याचे त्याने घेऊन यावे.