मग खरे चिनी देऊळ कोणते?

चिनी देऊळ म्हटले की कॅलेंडरवरचे, टोके आकाशाकडे वळलेले छप्पर डोळ्यांसमोर येते. शान्शी प्रांतातल्या वुताय पर्वतावर फोग्वांग मंदिरासमोर उभा राहिलो आणि हे चित्र पार पुसले गेले. छप्पर भारदस्त, पसरट. कोपरे जेमतेम उचललेले. खांबांच्या माथ्यावर एकावर एक रचलेले लाकडी हात, खांबाच्या निम्म्या उंचीचे! त्यांना दोगोंग म्हणतात. छपराचा सारा भार हेच हात झेलतात.

असे जुने लाकूडकाम पाहायचे तर जपानलाच जावे, असे एकेकाळी म्हटले जाई. १९३७ साली लिआंग स्सुचंग आणि त्यांच्या पत्नी लिन हुईयिन इथे पोहोचले. तुळईच्या तळाशी पुसट शाईत लिहिलेले एका दानशूर स्त्रीचे नाव लिनबाईंना दिसले. तेच नाव अंगणातल्या दगडी स्तंभावर होते आणि शेजारी साल होते इसवी सन ८५७. हा आनंद ओसरायच्या आतच जपानशी युद्ध पेटले.

तिथून आम्ही दक्षिणेला, निंगबोजवळच्या १०१३ सालच्या बाओग्वो मंदिरात गेलो. इथले खांब सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारखे. एकच अजस्र खोड वापरण्याऐवजी लहान लाकडे जोडून ते घडवले आहेत.

कारण हवामानात आहे. उत्तरेत थंडी कडाक्याची, म्हणून कौलांखाली मातीचा जाड थर. तो पेलायला दणकट तुळया हव्यात. दक्षिणेत ऊब आणि पाऊस. छप्पर हलके, लाकूड सडपातळ. तिथल्या अनेक इमारतींत आडवी लाकडे खांबांतून आरपार ओवतात. कॅलेंडरवरची ती उंच वळलेली टोके मुख्यतः दक्षिणेकडचीच!

११०३ साली राजदरबाराने ली जिए यांचा बांधकामाचा ग्रंथ छापला. त्यातल्या काही रीती बाओग्वोत नव्वद वर्षे आधीच दिसतात. म्हणजे राजधानीचा नियम ठरण्यापूर्वी दूरच्या सुताराचा हात तो गिरवत होता.

"मग खरे चिनी देऊळ कोणते?" परतताना सौभाग्यवतींनी विचारले. दोन्ही, मी म्हणालो. लाकडालाही बोली असते. जुने लाकूड कुजते, बदलावे लागते. पण दुरुस्ती करताना सगळ्यांना एकाच साच्यात बसवले, तर देऊळ उभे राहील आणि त्याची बोली मात्र मुकी होईल.