कमी पैशांतला मराठी सिनेमा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यात सिनेमा करू पाहणाऱ्यांची वानवा नाही. वानवा आहे ती पैशांची. अशा सिनेमांबद्दलच्या काही समजुती इतक्या रुजल्या आहेत की त्यांचा फटका चांगल्या चित्रपटांनाच बसतो.

गैरसमज: कॅमेरा स्वस्त झाला, म्हणजे सिनेमा स्वस्त झाला.
वस्तुस्थिती: डिजिटलमुळे रिळांचा खर्च वाचला, माणसांचा नाही. पेठेतल्या एखाद्या वाड्यात थेट ध्वनिमुद्रण चालू आहे. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, गल्लीतून रिक्षा गेली, की तो टेक पुन्हा. असे टेक वाढत गेले की शिफ्ट लांबते. मग मानधन, जेवण, गाड्या, दिव्यांचं भाडं असं सगळंच वाढतं.

गैरसमज: सरकारी अनुदानावर सिनेमा निघतो.
वस्तुस्थिती: राज्य सरकारचं अनुदान तयार चित्रपटाला, परीक्षणानंतर, दर्जानुसार मिळतं. अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाला 30 लाख रुपये मिळत. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाचा पैसा निर्मात्यालाच उभा करावा लागतो.

गैरसमज: राष्ट्रीय पुरस्कार मिळाला की थिएटरं आपोआप मिळतात.
वस्तुस्थिती: पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ला 2013 सालचे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: संवादांसाठी सुमित्रा भावे यांना आणि सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना. तरीही तो चित्रपटगृहांत यायला 2016 उजाडलं. त्यांच्याच ‘कासव’ला एप्रिल 2017 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं, चित्रपट लागला ऑक्टोबरमध्ये. प्रसिद्धी आणि वितरण यांसाठी निर्मितीनंतर पुन्हा नव्याने पैसा लागतो, आणि तिथेच छोटा निर्माता अडतो. याउलट नायजेरियात 1992 मध्ये ‘लिव्हिंग इन बाँडेज’ हा सिनेमा थेट व्हिडिओ कॅसेटवर विकला गेला आणि थिएटरं टाळून अख्खा उद्योग उभा राहिला. आपल्याकडे कमाईची मुख्य भिस्त अजून तिकीटबारीवरच आहे.

गैरसमज: कमी पैसा म्हणजे कच्चं काम.
वस्तुस्थिती: ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून दिलं ते कमी पैशांत झालेल्या ‘श्वास’ने, आणि भारताकडून ऑस्करसाठीही तोच गेला. त्यात बडा स्टार नव्हता. आजोबा, नातू आणि डॉक्टर यांची नेमकी बांधलेली गोष्ट होती.

छोट्या सिनेमाची खरी कोंडी प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यात आहे. पहिल्या शुक्रवार-शनिवारी गर्दी झाली नाही, तर पुढे त्याचे शो कमी होतात. म्हणून ओटीटीवर येईल तेव्हा बघू, असं न म्हणता पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा. त्याच पैशांवर त्या दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमा ठरतो.