श्रद्धा, विज्ञानकथा आणि मोठी होणारी मुलं



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. विज्ञानकथेत श्रद्धेचं काय काम? आपल्याकडे ही शंका येणं साहजिक आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली, तिला बक्षीस मिळालं आणि पुढे ते लिहीतच राहिले. त्यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला विज्ञानकथा म्हणजे वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणारं साहित्य, असंच वाटत आलं आहे.

इंग्रजीत मात्र श्रद्धेचा प्रश्न थेट मधोमध ठेवणाऱ्या विज्ञानकथा पुष्कळ आहेत. त्यातल्या काहींची नायिका जेमतेम बारा-पंधरा वर्षांची असते. म्हणजे ती एकाच वेळी विज्ञानकथाही असते आणि वयात येण्याचीही कथा असते. आपल्याकडच्या 'शाळा'सारखी, फक्त अंतराळात नाहीतर भविष्यकाळात घडणारी. अशा तीन कादंबऱ्या आम्ही आज घेतल्या आहेत. त्यांवर वाचकांनी काय मतं दिली आणि ती इतकी टोकाची का झाली, हे आपण पाहू. बोलताना गोष्टी उघड कराव्या लागतील, त्याला इलाज नाही.

पहिली कादंबरी मॅडलिन लँगल यांची 'अ रिंकल इन टाइम'. दोन डझनांहून जास्त प्रकाशकांनी नाकारल्यावर ती १९६२ साली छापली गेली आणि १९६३ साली तिला अमेरिकेतल्या बालसाहित्याचं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं. नायिका मेग ही चष्मा लावणारी, गणितात हुशार पण शाळेत सतत खटके उडणारी मुलगी. तिचे शास्त्रज्ञ वडील बेपत्ता आहेत. त्यांना शोधायला ती धाकटा भाऊ आणि एका मित्राबरोबर दुसऱ्या ग्रहावर जाते.

लँगल स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. तरीही पुस्तकावर जोरदार हरकत घेतली ती काही ख्रिस्ती वाचकांनीच. कथेत अंधाराविरुद्ध लढलेल्या पृथ्वीवरच्या माणसांची यादी येते. तिची सुरुवात येशूपासून होते आणि मग त्याच यादीत आइन्स्टाइन, मेरी क्युरी, गांधी आणि बुद्धही येतात. येशूला या रांगेत बसवणं अनेकांना खटकलं. मेगला मदत करणाऱ्या तीन विचित्र बायका त्यांना चेटकिणींसारख्या वाटल्या. शाळेतून पुस्तक काढून टाका, अशा मागण्या झाल्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९९० ते १९९९ या दशकातल्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या शंभर पुस्तकांच्या यादीत ते आहे.

आता दुसरी बाजू बघा. धर्माशी फारसं देणंघेणं नसलेल्या काही वाचकांना पुस्तकातली बायबलची वचनं नको वाटतात. २०१८ साली चित्रपट निघाला, त्यात उघड ख्रिस्ती संदर्भ वगळले गेले. काहींना ते बरं वाटलं, तर काहींना वाटलं की गोष्टीचा कणाच काढून घेतला. एकाच पुस्तकात एकाला देव कमी पडला आणि दुसऱ्याला जास्त झाला.

दुसरी कादंबरी ऑक्टेव्हिया बटलर यांची 'पॅरेबल ऑफ द सोअर', १९९३ सालची. गोष्ट सुरू होते २०२४ मध्ये, लॉस एंजलिसजवळच्या एका तटबंदी वस्तीत. बाहेर पाणी महाग, लूटमार रोजची. नायिका लॉरेन पंधरा वर्षांची होते आहे. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. वडिलांच्या देवावर तिचा विश्वास उरलेला नाही, पण त्यांना दुखवायचं नाही म्हणून ती मुकाट्यानं बाप्तिस्मा घेते. आणि वहीत गुपचूप स्वतःचा धर्म लिहीत जाते. त्यात देव म्हणजे कुणी व्यक्ती नाही. सतत चालणारा बदल, तोच देव.

इथेही दोन्हीकडून तक्रारी येतात. श्रद्धाळू वाचक म्हणतो, जो प्रार्थना ऐकत नाही, माया करत नाही, तो देव कसला? नास्तिक वाचक म्हणतो, बदल म्हणायचं तर बदल म्हणा, मध्ये देव कशाला? बटलर यांना या हरकती चांगल्या ठाऊक होत्या. त्यांनी त्या कादंबरीतच पात्रांच्या तोंडी घातल्या आहेत. लॉरेनबरोबर चालणारी माणसं तिला अडवतात, उलटतपासणी घेतात. एक वयस्कर डॉक्टर तर तिला सांगतो की तुझा धर्म फार साधा आहे, लोकांनी स्वीकारला तर ते त्यात गुंतागुंत करून ठेवतील. बटलर २००६ साली गेल्या. त्यानंतर चौदा वर्षांनी, २०२० मध्ये, ही कादंबरी न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत आली.

तिसरी, फिलिप पुलमन यांची 'हिज डार्क मटेरियल्स' ही त्रयी, १९९५ ते २००० या काळातली. तिच्यात परीकथेचा भाग मोठा आहे, पण मूलकणांवर काम करणारी एक भौतिकशास्त्रज्ञही आहे आणि ती पूर्वी नन होती. नायिका लायरा अकरा-बारा वर्षांची. इथली धर्मसत्ता मुलांवर क्रूर प्रयोग करते. २००७ साली पहिल्या भागावर चित्रपट आला, तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगनं बहिष्काराची हाक दिली.

पण त्याआधी, २००४ साली, एक वेगळी गोष्ट घडली होती. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुलमन यांच्याबरोबर एका मंचावर बसले आणि दोघांनी सविस्तर चर्चा केली. आर्चबिशपांना पुस्तकांबद्दल आदर होता. कादंबरीत जो स्वतःला ईश्वर म्हणवतो तो विश्वाचा निर्माता नाहीच, तो फक्त पहिला देवदूत आहे आणि त्यानं इतरांना खोटं सांगितलं आहे. श्रद्धाळू वाचक म्हणू शकतो की असा खोटा देव पडला तर बरंच झालं.

म्हणजे बघा, वाचकांची फूट आस्तिक विरुद्ध नास्तिक अशी सरळ पडत नाही. मग ती पडते कुठे?

आमच्या मते उत्तर वयात येण्याच्या भागात आहे. तिन्ही कादंबऱ्यांत बाप कमी पडतो. मेगला वडील सापडतात, पण ते सगळं निस्तरू शकत नाहीत. धाकटा भाऊ शत्रूच्या ताब्यात राहतो आणि मेग वडिलांवर भयंकर चिडते. लॉरेनचे वडील एक दिवस कामावरून परतत नाहीत, त्यांचा मृतदेहही मिळत नाही. त्या आठवड्यात देवळातलं प्रवचन तिलाच करावं लागतं. लायराचा बाप तर स्वतःच्या उद्दिष्टासाठी तिच्या जिवलग मित्राचा बळी देतो.

लहान मुलाच्या मनात देवाचं चित्र बरंचसं आईबापांवरून तयार होतं. सगळं जाणणारा, सगळं नीट करणारा. आईबाप सर्वशक्तिमान नाहीत हे कळतं तेव्हा त्या चित्रालाही तडा जातो. वयात येणं आणि श्रद्धा डळमळणं हे या गोष्टींत म्हणूनच एकत्र येतं. आणि विज्ञानकथा इथे उपयोगी पडते, कारण ती मुलाला घर, गाव, ग्रह सगळं सोडून अशा ठिकाणी नेते जिथे मोठ्यांचं काही चालत नाही.

वाचकांचे मतभेद सुरू होतात ते तडा गेल्यानंतर. मेग प्रेमावर विश्वास ठेवून भावाला सोडवते. लॉरेन नवा धर्म बांधते. लायराला कळतं की स्वर्ग दुसरीकडे कुठे नाही, असेल तर इथेच उभारायला हवा. आपल्याला यातलं एक उत्तर पटतं, दुसरं नाही. पण त्या आधीचा प्रश्नच मुलांपुढे येऊ नये असं ज्यांना वाटतं, ते तिन्ही पुस्तकं कपाटात बंद करतात. आणि हे फक्त धार्मिक माणसंच करतात असं नाही. मुलगी देवाबद्दल विचारायला लागली की 'असलं काही नसतं' म्हणून विषय मिटवणारी घरंही आम्ही पाहिली आहेत. तिथेही प्रश्न बंदच होतो.

म्हणून अशा पुस्तकावर मत देताना आम्ही एवढंच बघतो: लेखकानं नायिकेला खरोखर शंका घेऊ दिली का, की उत्तर आधीच ठरवून तिला तिथे ढकलत नेलं? या कसोटीवर आमच्या दृष्टीनं बटलर सगळ्यात खऱ्या उतरतात, कारण लॉरेनशी वाद घालणारी माणसं मूर्ख नाहीत. पुलमन तिसऱ्या भागात कधीकधी स्वतःच बोलू लागतात. लँगल यांचा शेवट काहींना फार सोपा वाटतो, पण मेगचा राग त्यांनी कुठेही लपवलेला नाही.

तुमच्या घरात बारा-तेरा वर्षांचं कुणी असेल, तर यातलं एक पुस्तक आधी तुम्ही वाचा आणि मग त्याच्या हाती द्या. लॉरेनची गोष्ट हिंसक आहे, ती पंधरा-सोळाच्या आधी नको. वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलास' असं विचारू नका. 'तुला कुठे पटलं नाही' असं विचारा. पुढचं मूलच बोलेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.