असं का होतं? : पाण्यात उभी मिरची का कोमेजते?

मार्चमध्ये अवकाळी बरसून गेला की नांदेड-लातूरकडच्या परसबागांत एक विचित्र गोष्ट दिसते. आळ्यात पाणी तुंबलेलं असतं आणि मिरची-टोमॅटोच्या रोपांनी मात्र माना टाकलेल्या असतात. ऊन पडलं की कुणीतरी तांब्याभर पाणी आणखी ओततं.

मुळं पाणी पितात, तशी श्वासही घेतात. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते. त्या फटी पाण्यानं भरल्या, की खिडक्या बंद केलेल्या गच्च एसटीसारखी गत होते. ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. असलेला साठा मुळं आणि जिवाणू लवकरच संपवतात. मग मुळांची ताकद आटते, त्यांच्या पेशींतली पाणी आत घेणारी बारीक दारं मिटतात आणि पाण्यातलं रोप तहानलेलं राहतं.

आपली काळी माती यात भर घालते. भिजली की ती फुगते, भेगा मिटतात, निचरा खुंटतो.

२०१६ साली रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांना ‘पाणी देऊ नका’ सांगणं जड जातं. पण उपाय तोच. चर काढून पाणी वाहून जाऊ द्या. वाफसा येईपर्यंत खुरपं लावू नका, वाफ्यात पायही ठेवू नका. ओली माती दबली की उरल्यासुरल्या फटीही जातात. पुढच्या वेळी वीतभर उंच गादीवाफा करा.

न्हाणीमागच्या अळूला यातलं काहीच लागत नाही. त्याच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून मुळांपर्यंत ऑक्सिजन आतूनच पोचतो.