उतारावरची गर्दी

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा कामगार संघटनेचा माणूस बोनसवर नाहीतर ऊसतोड मजुरांच्या करारावर बोलणार, असे त्यांनी धरून ठेवले होते. आम्ही विषय दिला गर्दीचा. तोही उतारावरच्या गर्दीचा. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीच काढलेला एक मोर्चा अरुंद, उतरत्या रस्त्याने चालला होता. खाली तोंडाशीच फाटक बंद झाले. आम्ही मागच्या जीपवर, हातात कर्णा. आणि "पुढे चला, पुढे चला" हा आमचा घोष चालूच. मागच्यांनी आमचे ऐकले. पुढे एक वृद्ध सभासद पडले, त्यांच्यावर चौघे पडले. माणसे वाचली, पण त्या गृहस्थांचा हात पुन्हा सरळ झाला नाही. कर्णा आमच्या हातात होता, हे आम्ही विसरलेलो नाही.

अंकुशनगरच्या माणसाला उतार समजावून सांगावयास नको. गळिताच्या हंगामात उसाने लादलेली गाडी उताराला लागली, की गाडीवानाची नजर आधी खाली जाते. बैल आवरले तरी ओझे आवरत नाही, हे त्याला ठाऊक असते. घाटातल्या मोटारींचा कायदाही हेच सांगतो: रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी.

गुलमर्गला बर्फाच्या उतारावर पायांना लांब पट्ट्या बांधून घसरण्याचा खेळ चालतो. आम्ही तो चित्रांतच पाहिला. पण त्याचे नियम वाचून आम्हांस गंमत वाटली. 1967 साली त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ते घालून दिले. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळून आपली वाट निवडावी, कारण खालच्याच्या पाठीला डोळे नसतात. अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा ठिकाणी थांबू नये. पडलात तर लवकर कडेला व्हावे. निघण्यापूर्वी वर आणि खाली पाहावे. जिथे गर्दी असेल तिथे वेग कमी करावा. आमचा गाडीवान आणि बर्फावरचा साहेब एकाच निष्कर्षाला आले आहेत. ज्याला दिसते आणि ज्याच्याकडे वेग आहे, जबाबदारी त्याची.

हेच आता अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या पायऱ्यांवर लावून पाहा. नवरात्रात चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. कोणी मधल्याच पायरीवर चप्पल शोधावयास वाकतो. वरच्याला खालचा वाकलेला दिसत नाही, त्याला फक्त पुढे जागा झालेली दिसते. तो पाऊल टाकतो आणि तोल जातो. सपाटीवर पडलेल्या माणसाभोवती थोडी जागा राहू शकते. उतारावर मागच्यांचे वजनच त्याच्यावर येते. चेंगराचेंगरीत बहुतेक माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात असा आपला समज आहे. तसे नसते. पुष्कळदा ती दाबाखाली छाती फुगू न शकल्याने गुदमरतात. कित्येक तर उभ्या उभ्या.

25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे माणसे गेली. डोंगरावरची अरुंद वाट, दोन्ही बाजूंस दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरडी झालेली जमीन, आणि नंतर दुकानांना लागलेली आग.

29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर 23 जण गेले. ती माणसे काही असभ्य नव्हती. कामावर निघालेली, पावसामुळे जिन्यावर थबकलेली माणसे होती. मागून गाड्यांतून नवी माणसे उतरतच होती. त्या भागातल्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसे वाढली; पूल मात्र तेवढाच राहिला. अपघातानंतर लष्कराने तिथे नवा पूल बांधला आणि तो फेब्रुवारी 2018 मध्ये खुला झाला. म्हणजे पाच महिन्यांत तो होऊ शकत होता! म्हणून, लोकांना शिस्त नाही असे कोणी म्हणू लागले, की आम्ही आधी जिन्याची रुंदी विचारतो. एका चौरस मीटरमध्ये सहासात माणसे कोंबली गेली की सौजन्याला पाय ठेवावयासही जागा उरत नाही. मग गर्दी पाण्यासारखी लोटते आणि आत सापडलेल्याचे पाऊल त्याचे स्वतःचे राहत नाही.

जे करावयाचे ते त्याआधी. जिन्याच्या तोंडाशी थांबू नये. थांबायचेच तर उतरून बाजूस. पुढच्या पाठीला हात लावू नये. दाब वाटू लागला तर हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखावी, ढकलणाऱ्याला उलट ढकलू नये, आणि खाली पडलेली वस्तू गेली असे समजावे. पुढे काही घडले तर ओरडून मागे कळवावे; शेवटच्या माणसापर्यंत बातमी पोचेपर्यंत दाब वाढतच असतो.

आमच्या मोर्च्यात आता एक स्वयंसेवक अगदी पुढे लाल झेंडा घेऊन असतो आणि एक शेपटाला शिट्टी घेऊन. पुढच्याने झेंडा आडवा धरला की मागच्याने शिट्टी वाजवून माणसे थांबवायची. कर्ण्यावरच्याने, म्हणजे आम्ही, गप्प बसायचे. गेल्या हंगामात ती शिट्टी एकदा वाजली. ऊन होते, माणसे कुरकुरली, एकाने आम्हांला चार शब्द सुनावलेही. पाच मिनिटांनी झेंडा पुन्हा उभा झाला.