परवान्यावरचे गुण

परीक्षेत जितके जास्त गुण मिळतील तितके ते आपल्याला हवेच असतात. पण काही देशांत गुणांचा असाही एक हिशेब ठेवला जातो, की त्यात आपल्या नावावर एकही गुण असू नये असेच प्रत्येकाला वाटते. हे गुण मोटार चालवण्याच्या परवान्यावर नोंदले जातात. वाहतुकीचा नियम मोडला की नियमाच्या गांभीर्यानुसार काही गुण नावावर चढतात आणि ते ठरावीक संख्येपर्यंत पोचले की परवाना हातचा जातो. आपण या गुणांना 'दंडगुण' म्हणू या.

ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८२ सालापासून चालू आहे. तेथे वेगमर्यादा ओलांडल्यास साधारणपणे ३ ते ६ दंडगुण मिळतात. गाडी चालवताना मोबाइल हातात धरून वापरल्यास २०१७ पासून ६ दंडगुण मिळतात. तीन वर्षांत केलेल्या गुन्ह्यांचे मिळून १२ दंडगुण झाले, की सामान्यतः निदान सहा महिने गाडी चालवण्यास बंदी होते. नवशिक्या चालकाला तर, परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ६ दंडगुण झाले तरी परवाना गमवावा लागतो व पुन्हा परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत ही पद्धत १९७४ मध्ये सुरू झाली. त्या नोंदी फ्लेन्सबुर्ग या शहरातील सरकारी कार्यालयात ठेवल्या जातात. पूर्वी तेथे १८ दंडगुणांवर परवाना जात असे. २०१४ मध्ये नियम बदलले व ही मर्यादा ८ झाली. फ्रान्स आणि इटली या देशांत हिशेब उलटा आहे. फ्रान्समध्ये १९९२ पासून व इटलीत २००३ पासून चालकाच्या खात्यात आधीच गुण जमा असतात, फ्रान्समध्ये १२ आणि इटलीत २०. चूक होईल तसतसे ते वजा होत जातात.

पद्धत सोपी आहे, पण ती न्याय्य आहे काय? तीन वर्षांत चार लहान चुका झाल्या म्हणून एखाद्या टॅक्सीवाल्याची रोजीरोटी जावी, हे योग्य म्हणायचे काय? हा प्रश्न वकिलांचा आहे असे तुम्ही म्हणाल. पण त्यातील बराचसा भाग तुमच्या पदार्थविज्ञानाच्या आणि गणिताच्या पुस्तकातला आहे. तो कसा, ते पाहू या.

दहा मैल म्हणजे किती?

ब्रिटनमध्ये वस्तीतील रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा असते. एखादा चालक ताशी ४० मैलांनी, म्हणजे ६४ किलोमीटरने गेला व पकडला गेला, तर त्याला ३ दंडगुण मिळू शकतात. "दहाच मैल जास्त होते, त्याचे एवढे काय?" असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे तपासून पाहू.

गाडी थांबवण्यासाठी लागणाऱ्या अंतराचे दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी पहिल्याच वेगाने धावत असते, हा पहिला भाग. ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंतचे अंतर हा दुसरा भाग. पहिला भाग वेगाच्या प्रमाणात वाढतो. दुसरा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, कारण ब्रेकना गाडीची गतिज ऊर्जा नाहीशी करायची असते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत ताशी ३० मैलांसाठी ही अंतरे ९ मीटर व १४ मीटर, म्हणजे एकूण २३ मीटर दिली आहेत. ताशी ४० मैलांसाठी ती १२ मीटर व २४ मीटर, म्हणजे एकूण ३६ मीटर आहेत.

आता अशी कल्पना करा, की गाडीपुढे बरोबर २३ मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यात आले. ताशी ३० मैलांनी येणारी गाडी त्याच्यापाशी येऊन थांबेल. ४० मैलांनी येणाऱ्या गाडीचे काय होईल? पहिले १२ मीटर तर ब्रेक लागण्यापूर्वीच संपले. उरले ११ मीटर. पूर्ण थांबायला २४ मीटर हवेत. म्हणजे गतिज ऊर्जेचा चोविसातील अकरावा हिस्सा तेवढा नाहीसा झाला आणि १३/२४ हिस्सा शिल्लक राहिला. ४० चा वर्ग १,६००. त्याचे १३/२४ म्हणजे सुमारे ८६७. त्याचे वर्गमूळ काढा. ते साडेएकोणतीसच्या आसपास येते. याचा अर्थ असा, की पहिली गाडी जेथे थांबली त्याच जागी दुसरी गाडी अजून ताशी २९ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ४७ किलोमीटर वेगाने जात आहे. "दहाच मैल जास्त" याचा खरा अर्थ हा असा आहे. त्या मुलाच्या दृष्टीने तो जगण्यामरण्यातला फरक आहे.

तेव्हा या चुकीला दंडगुण असावेत यात अन्याय दिसत नाही. परंतु मोजपट्टी किती बारीक आहे हेही पाहिले पाहिजे. इंग्लंड व वेल्समधील न्यायालयांसाठी जी मार्गदर्शक कोष्टके आहेत, त्यांत ३० मैलांच्या रस्त्यावर ३१ ते ४० या वेगांना ३ दंडगुण आहेत, ४१ ते ५० या वेगांना ४ ते ६ आणि त्याहून अधिक वेगाला ६. (जास्त वेगाला न्यायालय थेट बंदीही घालू शकते.) वेगाचा धोका एखाद्या चढासारखा सतत वाढत जातो. दंडगुण मात्र जिन्याच्या पायऱ्यांसारखे वाढतात. ३२ मैलांनी जाणारा व ४० मैलांनी जाणारा हे दोघे एकाच पायरीवर उभे राहतात. आपल्या परीक्षेतील श्रेणीचेही असेच असते. पायऱ्या केल्या की हिशेब सोपा होतो, पण थोडा अन्याय शिरतोच.

मोजमापातील चुकीचाही विचार करावा लागतो. कोणतेही उपकरण अगदी अचूक नसते. म्हणून जर्मनीत मोजलेल्या वेगातून आधी ३ किलोमीटर वजा करतात (वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक असेल तर ३ टक्के) आणि मग गुन्हा ठरवतात. शंकेचा फायदा चालकाला मिळतो.

दैवाचा भाग

"सगळेच जोरात जातात, मी तेवढा सापडलो," ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. तीत तथ्य आहे काय? एक प्रयोग करून पाहा. वर्गातील प्रत्येकाने फासा सहा वेळा टाकावा. एक वेळ फासा टाकणे म्हणजे सहा महिने गाडी चालवणे असे माना, म्हणजे सहा वेळांत तीन वर्षे झाली. ज्या वेळी १ पडेल त्या वेळी तुम्ही पकडले गेलात आणि तुमच्या नावावर ३ दंडगुण चढले.

वर्गात ६० विद्यार्थी असतील तर सुमारे २० जणांना एकही दंडगुण मिळणार नाही. सुमारे २४ जणांना ३ मिळतील, १२ जणांना ६ मिळतील आणि तिघांच्या नावावर ९ चढतील. सगळ्यांचे फासे सारखेच आहेत. कोणीही दुसऱ्यापेक्षा जास्त बेफिकीर नाही. तरीसुद्धा कोणी स्वच्छ राहिला आणि कोणी बंदीच्या उंबरठ्यावर आला. हा निव्वळ दैवाचा खेळ.

मग पद्धत वाईट ठरली काय? थांबा. एकदा पकडल्याबरोबर परवाना काढून घ्यायचा असा नियम असता तर या ६० जणांपैकी ४० जणांचा परवाना गेला असता. १२ दंडगुणांच्या नियमाने, म्हणजे चार वेळा १ पडला तरच, तो जातो. असे १,००० जणांत सुमारे ९ जणांच्या बाबतीत घडेल.

आता बेफिकीर चालकांचा एक वर्ग घ्या. त्यांना फाशाऐवजी नाणे द्या. छापा पडला की ३ दंडगुण. पहिल्या नियमाने ६० पैकी सुमारे ५९ जणांचे परवाने जातील. म्हणजे चांगल्यांपैकी ४० आणि वाईटांपैकी ५९. या नियमाला दोघांतला भेद फारसा कळलाच नाही. दुसऱ्या नियमाने बेफिकीर वर्गातील सुमारे २० जणांचे परवाने जातील, चांगल्या वर्गातील एखाद्याचाच. भेद स्पष्ट झाला.

प्रयोगशाळेत लोलकाचा दोलनकाल काढताना तुम्ही एकच दोलन मोजत नाही, वीस मोजता. एका मोजमापातील चूक मोठी असते. अनेक मोजमापांत ती पुसट होते. दंडगुण साठवण्यामागील तत्त्व तेच आहे. एक चूक दैवाने होऊ शकते. थोड्या काळात चार झाल्या तर दैवाला दोष देणे कठीण जाते. शिवाय फाशाला स्मरणशक्ती नसते, माणसाला असते. नावावर ९ दंडगुण असलेला माणूस पुढची गाडी जपून चालवतो, निदान तशी अपेक्षा असते.

जो जास्त चालवतो त्याचे काय?

आता टॅक्सीवाल्याकडे वळू. तुमच्या फाशाच्या खेळात वर्षाला ८,००० किलोमीटर गाडी चालवणारा गृहस्थ तीन वर्षांत सहा वेळा फासा टाकतो असे समजा. टॅक्सीवाला वर्षाला ८०,००० किलोमीटर चालवतो. तो अगदी तेवढाच काळजी घेणारा आहे, फासाही तोच. पण अंतर दसपट, म्हणून त्याने फासा साठ वेळा टाकायचा. साठ वेळांत निदान चार वेळा १ पडण्याची शक्यता किती? हिशेब करता ती १,००० त सुमारे ९९४ येते! गृहस्थाच्या बाबतीत ती ९ होती. अंतर दसपट झाले, पण परवाना जाण्याची शक्यता शंभरपटीहून अधिक वाढली. हे आकडे आपण खेळासाठी घेतले आहेत, पण त्यांतून निघणारी गोष्ट खरी आहे. दंडगुण वर्षांच्या हिशेबाने मोजले जातात, किलोमीटरच्या नव्हे. म्हणून सारख्याच सावध असलेल्या दोघांपैकी जास्त चालवणाऱ्याचा परवाना लवकर जातो.

हा अन्याय आहे, असे तुम्ही लगेच म्हणाल. मग टॅक्सीवाल्याला दसपट दंडगुणांची सवलत द्यावी काय? आता पुन्हा त्या चेंडूमागे धावणाऱ्या मुलाचा विचार करा. दर किलोमीटरला धोका सारखाच असला तरी टॅक्सीवाला दसपट किलोमीटर चालवतो, म्हणजे वर्षभरात तो रस्त्यावर दसपट धोका निर्माण करतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर सवलत देणे हाच अन्याय होईल.

ब्रिटनच्या कायद्याने येथे मधली वाट काढली आहे. बंदीमुळे चालकावर असाधारण आपत्ती येणार असेल, तर ते पटवून दिल्यास न्यायालय बंदी टाळू शकते किंवा तिचा काळ कमी करू शकते. पण त्यामुळे १२ किंवा त्याहून अधिक दंडगुण असलेली काही माणसे रस्त्यावर राहतात, हेही खरे.

पैसा आणि नाव

दंडगुणांच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे. शंभर पौंडांचा दंड गरिबाला जड जातो, श्रीमंताला कळतही नाही. दंडगुण मात्र पैशाने फेडता येत नाहीत. मजुराला तीन आणि कारखानदारालाही तीनच. अर्थात बंदी आल्यावर कारखानदार पगारी चालक ठेवू शकतो, तेव्हा समता पुरी नव्हेच.

दंडगुण दुसऱ्याच्या नावावर ढकलण्याचा मोह मात्र होतो. ब्रिटनचे माजी मंत्री ख्रिस ह्यून यांच्या २००३ मधील वेगाच्या गुन्ह्याचे दंडगुण त्यांच्या तेव्हाच्या पत्नीने स्वतःवर घेतले होते. ते उघडकीस आल्यावर २०१३ मध्ये दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. कॅमेऱ्याला गाडीचा क्रमांक दिसतो, पण गाडी कोण चालवत होते ते मालकालाच विचारावे लागते. मालकाने चालकाचे नाव न कळवल्यास मालकाचेच गुण वजा करायचे, असा नियम इटलीने केला होता. २००५ मध्ये तेथील घटना न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण जो गुन्हा मालकाने केल्याचे सिद्ध झालेले नाही त्याचे गुण मालकाने का गमवावेत? ब्रिटनमध्ये नाव न कळवणे हाच स्वतंत्र गुन्हा मानतात व त्यालाच ६ दंडगुण देतात.

मग न्याय्य काय?

दंडगुण नेमके काय मोजतात, यावर उत्तर अवलंबून आहे. ते चालकाचा बेफिकीरपणा मोजत असतील, तर किलोमीटरचा हिशेब धरायला हवा. रस्त्यावरील इतरांना असलेला धोका मोजत असतील, तर वर्षाचा हिशेब बरोबर आहे. तापमापकाने वजन मोजता येत नाही. तसेच एकाच आकड्याने या दोन वेगळ्या गोष्टी मोजता येणार नाहीत. कायद्याने दुसरी गोष्ट निवडली आहे असे दिसते. तिची किंमत टॅक्सीवाल्यासारखे लोक देतात आणि तिचा लाभ रस्ता ओलांडणाऱ्यांना मिळतो.

शिक्षकांनी फाशांचा प्रयोग वर्गात अवश्य करून घ्यावा. त्यानंतर वर्गाचे दोन गट करा. एका गटाने टॅक्सीवाल्याची बाजू मांडावी, दुसऱ्याने त्या मुलाची. दोन्ही गटांनी आपले म्हणणे आकड्यांनिशी मांडावे आणि मग सर्वांनी मिळून स्वतःचा एक नियम लिहून काढावा. तो नियम आपल्यालाच लागू होणार आहे असे समजून लिहा. मात्र त्या दिवशी आपण गाडीत असू की रस्त्यावर, हे ठाऊक नाही असे धरून चाला.